रोप निवडण्याआधी जमीन वाचा

शुक्रवार पेठेतल्या अंगणात बाग करायची असो की शहराबाहेरच्या माळावर उद्यान, सोलापुरात पहिला प्रश्न मातीचा. खाली बेसाल्ट, वर कुठे वीतभर मुरमाड थर, कुठे खोल काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मोठे झाड भिंतीच्या पायापासून लांबच हवे. पाऊस बेभरवशाचा, सर्वाधिक सप्टेंबरात. मे महिन्यात पारा चाळिशीपार.

माती, उतार, पाण्याची वाट आणि वनस्पती यांचे पारदर्शक नकाशे एकमेकांवर ठेवून जागा पारखण्याची पद्धत भूदृश्यरचनाकार इयान मॅकहार्ग यांनी १९६९ च्या ‘डिझाइन विथ नेचर’ या पुस्तकातून जगभर नेली.

इथल्या अभ्यासकाला खरी शाळा मात्र जवळच आहे: नान्नज, १९७९ चे माळढोक अभयारण्य. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवते आणि अधूनमधून बोर, हिवर. हे माळरान उजाड नाही, ती पूर्ण परिसंस्था आहे. तरीही तिथे गिरिपुष्पासारख्या परक्या झाडांची लागवड झाली. माळढोक पक्ष्याला दूरवर नजर पोचेल असा मोकळा माळ लागतो. झाडांची दाटी त्याच्या मुळावर येते. हिरवे दिसते ते सगळे चांगलेच, हा समज शहरातल्या बागाही पाणी पिणाऱ्या लॉनने भरतो.

म्हणून सुरुवातीला आपल्या जागेवर एक मीटर बाजूचा चौकोन आखा, त्यातली प्रत्येक वनस्पती नोंदवा. नोंद पावसाळ्यानंतर एकदा, उन्हाळ्यात पुन्हा घ्या. दोन्ही वेळा टिकलेली रोपे आराखड्यात आधी.