घासणाऱ्या दोन पृष्ठभागांत उष्णतेची वाटणी

घर्षणाने उष्णता उत्पन्न होते हे शिकविताना पितळी बटण लाकडी फळीवर घासून दाखविण्याची रीत आपल्या शाळांत जुनी आहे. बटण बोटाला चटका देते, मुले हसतात आणि पाठ पुढे सरकतो. एका शाळेत हा पाठ पाहत असता मागील रांगेतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, घासली तर दोन्ही, मग फळी का तापली नाही?" लाकूड तापतच नसते, असे उत्तर तिला मिळाले. उत्तर चुकीचे होते. तथापि ते ऐकून आम्हीही गप्प बसलो, कारण त्या क्षणी बरोबर उत्तर आम्हांसही नीट मांडता आले नसते.

प्रथम एकूण उष्णता किती, ते पाहू. घर्षणाचा विरोध व घासलेले अंतर यांच्या गुणाकाराइतके कार्य खर्च होते, आणि त्यातील जवळजवळ सर्व उष्णतेच्या रूपाने प्रकट होते. एक किलोग्रॅम वजन उचलण्यास लागणाऱ्या जोराइतका, म्हणजे सुमारे १० न्यूटन, विरोध मानू. २० सेंटीमीटर लांबीच्या १०० घासण्या झाल्या तर अंतर २० मीटर, कार्य २०० ज्यूल, म्हणजे सुमारे ४८ कॅलरी उष्णता झाली. पाच ग्रॅमच्या पितळी बटणाचे तपमान एक अंशाने वाढविण्यास अर्धी कॅलरीही लागत नाही. सर्व उष्णता बटणातच राहती, तर त्याचे तपमान शंभर अंशांनी वाढते व बटण हाती धरवले नसते. प्रत्यक्षात इतके होत नाही. यावरूनच दिसते की उष्णतेचा मोठा भाग अन्यत्र, म्हणजे फळीत, बोटांत व हवेत, गेलेला आहे.

ही उष्णता ना बटणात जन्मते, ना फळीत. ती दोहोंच्या सीमेवर जन्मते. तेथे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांस टेकलेले असल्याने त्यांचे तपमान सारखेच असावे लागते. हे गृहीत धरून वाटणीचे गणित ब्लॉक या डच शास्त्रज्ञाने १९३७ साली मांडले. सीमेवरील तपमान एकच असेल, तर जो पदार्थ उष्णता अधिक वेगाने आत ओढून घेतो त्याचा वाटा मोठा, हे उघड आहे. पितळ सुवाहक आहे, लाकूड दुर्वाहक. म्हणून बटणाचे पारडे जड.

परंतु एवढ्यावर थांबल्यास अर्धेच सत्य हाती येते. बटणाचा एकच लहानसा भाग सतत घासला जातो. फळीचा मात्र प्रत्येक क्षणी नवा, तुलनेने थंड भाग बटणाखाली येतो, आणि थंड भाग उष्णता अधिक घेतो. या दृष्टीने पारडे फळीकडे झुकते. म्हणजे फळीलाही चांगला वाटा मिळतो. पण तो वीस सेंटीमीटरच्या पट्ट्यावर पसरतो, आणि बटणाचा वाटा पाच ग्रॅम धातूत साठत राहतो. शिवाय आपली त्वचाही फसवते. तापलेल्या लाकडातून बोटाकडे उष्णता सावकाश येते, म्हणून ते आहे त्याहून थंड भासते. घासणे थांबविताच त्या पट्ट्यावर मनगटाची आतील बाजू टेकवून पाहावी; ऊब निश्चित कळते. त्या मुलीला हे करावयास सांगितले असते, तर शब्दांची गरजच उरली नसती.

दोन्ही पदार्थ दुर्वाहक असतील व जागाही न बदलेल, तर काय होते? याचे उदाहरण अरणीमंथन होय. मंथ्याचे टोक खालच्या अरणीच्या एकाच खळग्यात फिरते. लाकडातून उष्णता वाट काढू शकत नाही, नवा थंड भागही येत नाही, आणि अखेरीस लाकडाचा भुसा धुमसू लागतो. खाली लोखंडी पत्रा ठेवल्यास तेवढ्याच श्रमाने ठिणगी पडणार नाही. कारण पत्रा उष्णता लांबवर वाहून नेईल.

आता या विषयाचा मुलांच्या अंगाशी येणारा भाग. विहिरीवर भरलेल्या बादलीचा दोर हातातून सुटून सरकू लागला की मुले तो आवळून धरतात व तळवा भाजून निघतो. दोर दुर्वाहक असतो, त्यामुळे तो उष्णता फारशी आत घेत नाही. सरकताना त्याचा नवा भाग येत राहतो खरा, पण तळवा मात्र तोच असतो. म्हणून मोठा वाटा त्वचेला मिळतो. दोर जितका आवळावा तितका विरोध अधिक व उष्णताही अधिक. दोरावरून उतरताना हाताखाली हात घेत उतरावे, घसरू नये, हे शिकविताना कारणही सांगावे. नुसत्या धाकाने ते दोन दिवस टिकते. अग्निशामक दलाचे जवान ज्या खांबावरून घसरत उतरत तो पितळेचा असे. तेथे खांबाचा गुळगुळीतपणा तर उपयोगी पडेच, शिवाय धातू उष्णता ओढून घेई.

सायकलच्या रबरी ठोकळ्याच्या ब्रेकमध्ये तर दोन्ही गोष्टी धातूच्या बाजूस असतात. धाव धातूची, म्हणून सुवाहक, आणि तिचा प्रत्येक भाग क्षणभरच ठोकळ्याखाली येतो. लांब उतारावर बहुतेक उष्णता धावेत जाते व वाऱ्याने निवते.

धातूंच्या बाबतीत सीमेवरचे तपमान मोजण्याची एक सुंदर युक्ती बौडन व रिडलर यांनी १९३६ साली वापरली. दोन भिन्न धातू एकमेकांवर घासले असता त्यांच्या संधीवरच तपमानानुसार विद्युद्दाब उत्पन्न होतो. निराळा तापमापक आत घालावा लागत नाही. त्यांना असे आढळले की वेग व भार वाढविल्यास सीमेवरील तपमान लवकर वितळणाऱ्या धातूच्या वितळबिंदूपर्यंत चढते, त्यापलीकडे नाही. त्याच वेळी धातूचा उरलेला गोळा हाताला केवळ कोमट लागू शकतो.

वर्गात करण्याजोगा उलट प्रयोग असा : बटणाएवढाच लाकडी तुकडा मोठ्या लोखंडी पत्र्यावर तितक्याच जोराने, तितक्याच वेळा घासावा. तुकडाही फारसा तापत नाही, पत्राही नाही. मग एवढी उष्णता गेली कोठे, हे मुलांनाच विचारावे, आणि उत्तरासाठी त्यांना एक दिवस द्यावा.