नाशिक ते जेद्दाह : तिकिटावरचे तास आणि खरे तास

उमऱ्याचे तिकीट हाती आले की घरात पहिला हिशेब वेळेचा होतो. सकाळी दहाला मुंबईहून उड्डाण, दुपारी एकला जेद्दाह. "तीनच तास!" म्हणून घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात हा प्रवास साडेपाच तासांचा असतो. तिकिटावर निघण्याची वेळ निघायच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ तिथल्या शहराची छापलेली असते, आणि सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे.

अडीचच का, हे मी वर्गात फळ्यावर मांडून दाखवते. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, सौदीची 45 अंशांची. फरक 37.5 अंश. दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे 150 मिनिटे. मुलांना हे गणित मक्केच्या निमित्ताने चटकन कळते, लंडनच्या उदाहरणाने नाही!

मुंबई-जेद्दाह हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. परतीचेही तेवढेच, पण हिवाळ्यात येताना अर्धा-पाऊण तास कमी लागतो, कारण त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

आपल्या नाशिककरांचा प्रवास मात्र विमानात सुरू होत नाही. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये आमणेपर्यंत खुला झाल्याने कसारा घाट टळतो, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. रस्त्याचे चार तास, विमानतळावरचे तीन-चार तास, साडेपाच तासांचे उड्डाण, जेद्दाहला कागदपत्रे आणि सामान यांत दोनेक तास, मग मक्केपर्यंत सुमारे 80 किलोमीटर बस. दारातून दारापर्यंत सोळा-सतरा तास सहज होतात. साठी-सत्तरीच्या अम्मी-अब्बूंना पाठवताना हाच आकडा धरावा. मधुमेह असेल तर गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीतच हवे, आणि कोणता डोस कोणत्या घड्याळाने घ्यायचा हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे.

रमजानमध्ये निघणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. विमान पश्चिमेला, म्हणजे सूर्याच्या मागे धावते, त्यामुळे मगरिब लांबते. मुंबईची इफ्तारची वेळ उलटली तरी खिडकीतून सूर्य दिसत असतो. रोजा तो मावळल्यावरच सोडायचा. सोबत खजूर आणि थोडा धीर असावा.

मुंबईहून हजची जहाजे 1995 मध्ये बंद झाली. त्या काळी समुद्रात आठवडा, कधी त्याहून जास्त दिवस जात. यलमलमची मिकात येईपर्यंत इहरामच्या तयारीला भरपूर सवड असे. आज मिकात ताशी आठ-नऊशे किलोमीटरच्या वेगाने मागे पडते. घोषणा होते तेव्हा कोणी झोपेत असतो, स्वच्छतागृहापुढे रांग असते. म्हणून इहरामचे कपडे मुंबईलाच घालावेत आणि नियत घोषणेनंतर करावी. विमान आधी मदीनेला उतरणार असेल तर ही घाई नाही. तिथून मक्केला निघताना जुलहुलैफा ही मिकात लागते. तेव्हा तिकिटावर वेळेआधी उतरण्याचे शहर वाचा.