जॅक बेनी आणि श्राव्य विनोदाचे स्वरूप

मराठी विनोदमीमांसेत विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ व स्वभावनिष्ठ असे प्रकार सामान्यतः मानले जातात. ही विभागणी मुख्यतः लिखित संहितेवर आधारलेली आहे. नभोवाणीवरील विनोदाला ती कितपत लागू पडते, हे अमेरिकन विनोदकार जॅक बेनी (१८९४-१९७४) याच्या कार्याच्या आधारे तपासून पाहता येईल.

व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर व्हायोलिनवादक म्हणून आरंभ करणारा बेनी १९३२ मध्ये नभोवाणीकडे वळला. त्याचा साप्ताहिक कार्यक्रम १९५५ पर्यंत चालला. या काळात त्याने स्वतःच्याच नावाचे एक पात्र घडविले : कंजूष, आत्मप्रौढ, बेसूर व्हायोलिन वाजविणारे आणि पुढे आपले वय सदैव एकोणचाळीसच सांगणारे. विनोद बहुधा सहकारी करीत. विनोदाचा विषय बेनी होई.

२८ मार्च १९४८ च्या कार्यक्रमातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. वाटमारा बेनीला अडवून पैसे की प्राण, असे विचारतो. बेनी गप्प राहतो. श्रोते हसू लागतात. वाटमाऱ्याने पुन्हा दरडावल्यावर आपण विचार करीत आहोत, असे तो चिडून सांगतो. येथे पहिले हसू उमटते ते शब्दावर नव्हे, शब्दाच्या अभावावर. ही शांतता कागदावर निरर्थकच ठरेल. तिला अर्थ प्राप्त होतो तो श्रोत्यांच्या मनात आठवड्यामागून आठवडे साठलेल्या स्वभावचित्रामुळे. म्हणजेच श्राव्य विनोदात श्रोत्याची स्मृती ही संहितेचाच एक भाग असते.

मात्र स्मृतीवर विसंबणारा विनोद रूढ पूर्वग्रहांवरही विसंबू शकतो. १९३७ पासून एडी अँडरसन या कृष्णवर्णीय नटाने साकारलेला रॉचेस्टर हा नोकर मालकाला निरुत्तर करतो. तथापि त्याच्या आरंभीच्या चित्रणात वंशविषयक ठोकळेबाज कल्पना आढळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लेखकांनी त्या बव्हंशी टाळल्या, तरी रॉचेस्टरची लोकप्रियता टिकून राहिली. पूर्वग्रह हा त्या विनोदाचा अपरिहार्य घटक नव्हता, हेच यातून सूचित होते.

स्वतःच्याच नावाचे सदोष पात्र रंगविण्याची ही रीत पुढे दूरचित्रवाणीवरही आढळते. जेरी साइनफेल्डची मालिका (१९८९-९८) हे तिचे परिचित उदाहरण होय. बेनीच्या संहिता अनेक लेखकांनी मिळून लिहिल्या, हेही विसरता येत नाही. तेव्हा नभोवाणीच्या विनोदाचा विचार करताना संहितेबरोबर आवाज, विराम आणि श्रोता यांनाही अभ्यासविषय मानावे लागेल. केवळ छापील संवाद वाचून केलेले मूल्यमापन अपुरेच राहील.