‘ताबा सूचने’मागचे वकीलसाहेब

सकाळचा पेपर उघडा. आतल्या पानावर बारीक टायपातली एक चौकट हमखास सापडेल. ‘ताबा सूचना’! कर्जदाराचं नाव, फ्लॅटचा नंबर, थकलेली रक्कम... सगळं जगजाहीर. शेजारीपाजारी वाचतात, नातेवाइकांचे फोन सुरू होतात. आणि घरातली माणसं विचारतात, कोर्टात केस नाही, निकाल नाही, मग बँक थेट आपल्या दाराला कुलूप कसं लावते?

लावते, कारण २००२ साली ‘सरफेसी’ नावाचा कायदा आला. त्यामागे ज्यांचा सल्ला होता, ते मुंबईचे नामवंत वकील टी. आर. अंध्यारुजिना.

खरं तर हा माणूस राज्यघटनेच्या अभ्यासातला. गाजलेल्या केशवानंद भारती खटल्यात ते एच. एम. सीरवाईंचे सहकारी होते. पुढे महाराष्ट्राचे अॅडव्होकेट जनरल, मग देशाचे सॉलिसिटर जनरल. केईएमच्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या दयामरणाच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करणारे वकीलही तेच! २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं.

१९९९ साली केंद्र सरकारनं बँकिंग कायद्यांच्या सुधारणेसाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा बँकांची अवस्था बिकट होती. तारण हाताशी, पण ते विकायचं तर वर्षानुवर्षं दावा लढवा. १९९३ च्या कायद्यानं कर्जवसुली न्यायाधिकरणं आली, तिथंही फायलींचे ढीग साचले. बुडत होता तो ठेवीदारांचा पैसा. कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार बँकांना द्या, असं समितीनं सुचवलं.

हा अधिकार भलताच धारदार निघाला. साठ दिवसांची नोटीस, तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर ताबा. दाद मागायची तर थकबाकीच्या ७५ टक्के रक्कम आधी भरा, अशी अट! ज्याच्याकडे एवढे पैसे असतील तो कर्ज थकवेल कशाला? २००४ साली मार्डिया केमिकल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला, पण ही अट रद्द केली. कर्जदाराचं म्हणणं ऐका आणि ते मान्य नसेल तर कारणं कळवा, असंही बँकांना बजावलं.

शेतजमीन या कायद्यातून वगळली आहे. एक लाखापर्यंतचं येणंही. बडे थकबाकीदार डोळ्यांसमोर ठेवून कायदा आला खरा, पण त्या चौकटीत दोन खोल्यांचे फ्लॅटही दिसतात, हे आम्हाला खटकतं.

तेव्हा नोटीस आलीच तर ती कपाटात टाकू नका. साठ दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. बँकेनं पंधरा दिवसांत कारणांसह कळवायला हवं. ताब्याची कारवाई झालीच, तर न्यायाधिकरणाकडे जायला ४५ दिवस मिळतात.