डोक्यातली गाठ : घराण्यातली की घरातली?

मैदानावर मूल पडते, डोक्याला खोक पडते. कल्याण-डोंबिवलीत आता सी. टी. स्कॅनसाठी मुंबई गाठावी लागत नाही, तेव्हा डॉक्टर खबरदारी म्हणून तो करायला सांगतात. हाड शाबूत निघते, पण अहवालात एक अनपेक्षित ओळ असते : 'अरॅक्नॉइड सिस्ट'. घरी पोचतो तो एवढाच निरोप, की डोक्यात गाठ आहे. मग पालक वर्गशिक्षकांना विचारतात, "धाकटीलाही असेल का हो?" ही शंका पुढे धाकटीच्या लग्नापर्यंत तिचा पाठलाग करू शकते, म्हणून आम्हांला ती महत्त्वाची वाटते.

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे, म्हणून त्याचे नाव अरॅक्नॉइड. त्याच्या आतल्या बाजूस मेरुद्रव खेळत असतो. गर्भात हे आवरण घडताना कधीकधी त्याचे दोन पदर सुटतात आणि मध्ये द्रवाचा कप्पा तयार होतो. हीच ती गाठ! ती कर्करोग नव्हे आणि शरीरात पसरतही नाही. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 48 हजार प्रौढांचे एम. आर. आय. पाहिले, तेव्हा 1.4 टक्के लोकांत ती आढळली. (अर्थात ही माणसे काही ना काही कारणाने तपासणीला आलेली होती.) बहुतेकांना तिचा आयुष्यभर त्रास होत नाही. सतत डोकेदुखी, उलट्या, आकडी अशी लक्षणे असतील आणि ती गाठीमुळेच आहेत असे दिसले, तरच शस्त्रक्रियेचा विचार होतो.

मात्र साधी गाठ म्हणजे नेहमीच निरुपद्रवी, असे समजू नये. 'कोलॉइड सिस्ट' ही मेंदूतल्या द्रवाच्या वाटेवरच बसते. सेंटीमीटरभराची असली तरी ती वाट अडवून जिवावर बेतू शकते. आकाराइतकीच जागाही महत्त्वाची.

आता आनुवंशिकतेकडे वळू. जन्मजात आणि आनुवंशिक हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते. तो जन्मजात खरा, पण पुढच्या पिढीत जात नाही. अरॅक्नॉइड सिस्टही बहुधा जन्मजात असते, पण भावंडांत ती आढळल्याची उदाहरणे जगभरात मोजकीच आहेत. कोलॉइड सिस्टचेही तसेच. म्हणून लक्षणे नसलेल्या धाकटीचा स्कॅन सहसा करत नाहीत. एक अपवाद लक्षात ठेवावा. मूत्रपिंडात असंख्य पुटी होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. तो आईला किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक अपत्याला होण्याची शक्यता निम्मी असते. या रुग्णांपैकी सुमारे 8 टक्क्यांच्या मेंदूत अरॅक्नॉइड सिस्ट आढळते. तेव्हा घरात डायलिसिसवर कोणी आहे का, तरुणपणीच रक्तदाब जडला आहे का, हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

पण एकाच घरातल्या दोघांना आकडी आली आणि दोघांच्याही मेंदूत पुटी दिसल्या तर? आपल्याकडे आधी डुकरातल्या पट्टकृमीचा संशय घ्यावा. ज्याच्या आतड्यात हा कृमी असतो, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. न धुतलेल्या हातांनी किंवा मैलापाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाजीतून ती पोटात गेली, की अळ्या रक्तावाटे मेंदूत पोचून पुटी करतात. म्हणजे शाकाहारी माणूसही सुटत नाही. न्यू यॉर्कमध्ये 1990-91 च्या सुमारास डुकराचे मांस निषिद्ध मानणाऱ्या ज्यू कुटुंबांत हा आजार आढळला. शोध घेता घरकामाला असलेल्यांपैकी एकीच्या पोटात पट्टकृमी निघाला. यावरून कामवाल्या बाईंवर बोट रोखू नये. कृमी घरातल्या कोणाच्याही पोटात असू शकतो. म्हणून अशा वेळी घरातल्या सर्वांचीच शौचतपासणी करतात. आतड्यातला कृमी बहुधा औषधाच्या एकाच मात्रेने जातो. मेंदूतल्या पुटींवरचे उपचार मात्र निराळे, आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागतात.