‘सापडले नाही’ याला पुरावा काय?

संगणकावर आपण काही शोधतो आणि ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते. आपण ते मान्य करून पुढे जातो. पण नोंद मुळात नव्हतीच, की कोणी ती काढून टाकली, हे कसे कळणार? मिळालेली नोंद निदान तपासता तरी येते. न मिळालेल्या नोंदीचे काय?

हा प्रश्न विशेष करून ‘ग्राफ डेटाबेस’ या प्रकारच्या माहितीसाठ्यांत भेडसावतो. ग्राफ म्हणजे शाळेत चौकटीच्या कागदावर काढतो तो आलेख नव्हे. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असे याचे रूप असते. माणसे, कंपन्या, पत्ते हे बिंदू. कोण कोणाचा भागीदार, कोणती कंपनी कोणाच्या नावावर, या रेषा. २०१६ साली गाजलेल्या ‘पनामा पेपर्स’ प्रकरणात सुमारे १ कोटी १५ लाख कागदपत्रे शोधपत्रकारांच्या हाती आली. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांतील नावे अशाच डेटाबेसमध्ये गुंफली आणि कोणत्या परदेशी कंपनीमागे कोण उभे आहे, याचे धागे शोधले. भारतातून ‘इंडियन एक्स्प्रेस’ या कामात सहभागी होता.

अशा साठ्यातली एक रेषा पुसली, तर तिच्यावरून पुढे जाणारी सगळी वाटच बंद होते. कर्ज मागणारा उद्योजक आणि पूर्वी बँकेला बुडवणारी कंपनी यांच्यात ‘संबंध आढळला नाही’ असे उत्तर आले, की कर्ज मंजूर होऊ शकते. त्यातून हे प्रचंड साठे पुष्कळदा दुसऱ्याच्या, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर असतात. तिथे कोणी हात चालवला तर?

आपल्याकडे तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीत प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. ४१२ नंतर एकदम ४१४ आला, तर मधले काहीतरी गायब आहे हे लगेच ध्यानात येते. संगणकातील युक्तीही याच जातीची आहे. कोणत्याही मजकुराचा गणिताने एक छोटा ठसा काढता येतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. मजकुरातले एक अक्षर बदलले, तरी ठसा पार बदलतो. १९७९ साली राल्फ मर्कल या अमेरिकी संशोधकाने अशा ठशांची वंशावळ मांडण्याची पद्धत सुचवली. दोन ठशांचा मिळून एक, अशा दोहोंचा पुन्हा एक, असे करत शेवटी साऱ्या साठ्याचा एकच मूळ ठसा उरतो. १ कोटी नोंदींपैकी एखादी नोंद अस्सल आहे का, हे पडताळायला मग साऱ्या नोंदी लागत नाहीत. अवघे २४ ठसे पुरतात.

पण हा मूळ ठसाच कोणी बदलला तर? तो अशा जागी हवा, की जिथे एकट्यादुकट्याला फेरबदल करता येणार नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा या दोघा अमेरिकी संशोधकांनी १९९१ साली कागदपत्रांच्या ठशांची साखळी मांडली होती. त्यांच्या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याला असा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये, चक्क ‘हरवले-सापडले’च्या सदरात छापायला सुरुवात केली. घरोघरी गेलेला अंक परत गोळा करून कोण बदलणार? २००८ साली बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या लेखात या दोघांच्या कामाचा आधार घेतलेला आहे. ब्लॉकचेन हे काम वर्तमानपत्राऐवजी हजारो संगणकांवरच्या प्रतींकडून करून घेते.

आता शोध कसा पडताळतात ते पाहू. प्रत्येक बिंदूला जोडलेल्या रेषांची यादी करून तिचा ठसा काढतात. साऱ्या ठशांचा मूळ ठसा ब्लॉकचेनवर नोंदवतात. खुद्द साठा सर्व्हरवरच राहतो. विचारणा झाली, की सर्व्हरने उत्तरासोबत शोधाच्या वाटेवरच्या याद्या आणि त्यांचे पुरावे द्यायचे. एक रेषा जरी गाळली, तरी ठसा जुळत नाही आणि लबाडी उघडी पडते.

अडचणी अर्थात आहेत. ‘संबंध आहे’ हे दाखवायला एक वाट पुरते. ‘संबंध नाही’ हे सिद्ध करायला मात्र शोध जिथवर पोचला तिथल्या साऱ्या याद्या दाखवाव्या लागतात. साठा मोठा असेल, तर हा पुरावाही फुगत जातो. तो आटोपशीर कसा करावा, हे संशोधकांपुढचे काम आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. मुळात खोटी नोंद घातली, तर ब्लॉकचेन तिचीही तितक्याच इमानाने राखण करील. नोंद खरी आहे की नाही, हे ठरवायला ती करणारा माणूसच प्रामाणिक लागतो. नंतर त्या नोंदीला कोणी हात लावला नाही आणि शोधणाऱ्यापासून ती दडवली नाही, एवढीच हमी हे तंत्र देते. मात्र ज्या उत्तरावर कोणाचे कर्ज, कोणाची अब्रू अवलंबून आहे, तिथे ही हमीही थोडी नव्हे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)