ढग अडवणारा डोंगर

नकाशा काढा. आफ्रिका आणि ब्राझील यांच्या मधल्या समुद्रात, विषुववृत्ताच्या जरा खाली नीट बघा. माशीच्या पायाएवढा ठिपका दिसला? ते असेन्शन बेट! ब्रिटनच्या ताब्यातलं. त्याचा सगळ्यात जवळचा शेजारी सेंट हेलेना, तोही १,३०० किलोमीटर लांब!

समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी उसळत राहिला, लाव्ह्यावर लाव्हा साचला आणि सुमारे १० लाख वर्षांपूर्वी या बेटाने पाण्याबाहेर डोकं काढलं. १८३६ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन इथे उतरला, तेव्हा किनाऱ्याजवळ नुसता काळा-तांबडा, उघडाबोडका दगड होता. आज मात्र मधल्या ८५९ मीटर उंच डोंगरावर चक्क बांबूचं बन आहे!

हे झालं कसं? १८४३ मध्ये जोसेफ हूकर हा वनस्पतिशास्त्रज्ञ इथे आला. त्याने सुचवलं, डोंगरावर झाडं लावा. मग जहाजांतून रोपं येऊ लागली. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून थेंब सुटतात ना? तसंच इथे होतं. समुद्रावरचा दमट वारा डोंगराला धडकून वर चढतो, गार होतो, त्याचा ढग बनतो. तो ढग पानापानांत अडकतो आणि टप टप टप खाली ठिबकतो. झाडं जणू ढग गाळून पाणी पितात.

पण मला या जंगलापेक्षा एका चिमुकल्या नेच्याची गोष्ट जास्त आवडते. कोथिंबिरीच्या पानासारखा दिसणारा हा नेचा जगात फक्त याच बेटावर उगवायचा. बाहेरून आलेल्या झाडाझुडपांनी त्याची जागा बळकावली. १९५८ नंतर तो कुणाला दिसलाच नाही. २००३ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आणि २०१० मध्ये बातमी आली, नेचा सापडला! डोंगराच्या उभ्या उतारावर, इवलीशी चार रोपं! शास्त्रज्ञांनी त्यांना पाणी घातलं, भोवतीचं तण उपटलं. ज्यांपासून नवे नेचे उगवतात ते बारीक कण, म्हणजे बीजाणू, धरलेला तुकडा जंतुविरहित डबीत घालून विमानाने लंडनच्या क्यू उद्यानात पाठवला. तिथल्या प्रयोगशाळेत त्याची नवी रोपं तयार झाली.

पावसाळ्यात ओल्या भिंतीवर नेचा दिसला, तर त्याचं पान न तोडता हलकेच उलटून पाहा. पानाखाली तपकिरी ठिपके दिसतील. त्यांतच असतात बीजाणू.